दीड वाजताची नोंद

सकाळी सातला खाजणाच्या बांधावर मी तिपाई रोवते.
तिच्यावर काळा गोळा, पातळ तांब्याचा, आत पोकळ,
शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर.
बायका त्याला आजारी पोर म्हणतात.
येताजाता विचारतात, सार्जो, ताप उतरला का गं त्याचा?

गॅम्बिया नदीच्या या वळणापर्यंत
पूर्वी खार चढत नसे.
आता खालचे वाफे पांढरे पडलेत,
भात वर सरकलंय, झाड नाही अशा जागी,
आणि घरापासूनची वाट अर्ध्या तासानं लांबलीय.
हे माझ्या फॉर्मात कुणी विचारलेलं नाही.

फॉर्मात असं आहे:
नाव तिदा सान्यांग. वय अंदाजे एकोणतीस.
बाळंतपणं पाच, हयात चार. सध्या सातवा महिना.
विश्रांती किती वेळ घेता?
तिनं हा प्रश्न ओरडून सगळ्यांना ऐकवला.
ओणव्या पाठींवरून हसू सरकत गेलं
पार पलीकडच्या कुंबापर्यंत,
तिनं ते रोपासोबत चिखलात खोचलं.
मी लिहिलं, उत्तर नाही.

ठरल्या वेळी ती बांधावर येते, कमरेचं कापड सैल करते.
मी पोटावर जेल लावते.
"आणखी लाव," ती म्हणते,
"दिवसभरात गार असं एवढंच."
मग यंत्र कान लावतं
आणि आतून कुणीतरी धावत येतं,
अनवाणी, घाईत, आमच्याकडेच.

नऊला एकशे अडतीस.
अकराला एकशे एक्कावन्न.
साडेबाराला एकशे सहासष्ट.
तिला निदान घाम येतो.
आतल्याला तोही नाही,
तो नुसता पळतो.

डॉक्टर सेसेंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
आपण मोजायचं. मध्ये पडायचं नाही.
पडलो तर मोजलेलं वाया.
मला ते पटलं होतं, अजूनही पटतं.

दीडला गोळा सत्तेचाळीसवर.
आत एकशे बहात्तर.
मी म्हटलं, बस आता.
तिदा म्हणाली, बसते की. ओळ कोण लावेल?
रोपं उपटून ठेवलीत, तासाभरात माना टाकतील.
आणि माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही,
दुकानदाराकडे पाहावं तसं,
आहे का तुझ्याकडे, नसेल तर तसं सांग.

मी पेन्सिल कानामागे खोचली.
चपला बांधावर ठेवल्या.
वही गोळ्याच्या सावलीत, तळहाताएवढ्या.

चिखल वरून कढत होता, खाली घोट्याशी गार.
आईनं शिकवलेलं हात विसरले होते.
बायका काही बोलल्या नाहीत,
फक्त कुंबा सरकली आणि मला जागा झाली.
तिदा माझ्या छत्रीखाली पाय पसरून बसली,
माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली, सगळं.

सव्वादोनला मी चिखलाच्याच हातानं यंत्र लावलं.
एकशे त्रेचाळीस.
आतला चालत होता.
पुन्हा पाहिलं. एकशे त्रेचाळीस.

हा आकडा मी लिहिला नाही.
लिहिला असता तर का उतरला तेही लिहावं लागलं असतं.
दीडच्या रकान्यात टाकलं, बॅटरी संपली.
सव्वादोनच्या रकान्यात रेघ.

शहरात, ऑफिसात, पंख्याखाली
डॉक्टर सेसेंनी आलेख दाखवला.
दुपारपाशी एक तुटकं होतं.
त्यांनी दोन्हीकडची सरासरी घेऊन ते भरलं,
तशी रीत आहे.
छान झालीय रेघ, म्हणाले, सरळ चढते.
मी मान डोलावली. माझ्या नखांत तेव्हा काही नव्हतं.

कापणीला गेले तर बायकांनी लांबूनच बोट दाखवलं.
सगळं शेत दोरीनं आखल्यासारखं
आणि मधूनच एक ओळ
प्यायल्यासारखी डावीकडे गेलेली.
"ही सार्जोची," कुंबा म्हणाली.
तिदाच्या पाठीवर मूल झोपलं होतं, तोंड उघडं.
मी त्याच्या छातीकडे बघत राहिले,
सवयीनं, मोजत,
साठ सेकंद होईपर्यंत.
वही आणली नव्हती.